खुरपं कुणाच्या हाती?

परवा आमच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली आणि वहीच्या कागदाची एक पुडी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आजोबा, ह्या जपून ठेवाल का? आमच्या घरी उंदीर फार झालेत." पुडीत भोपळ्याच्या बिया होत्या. पुडीवर पेननं आकडा लिहिला होता, ४३. म्हणजे मोजून दिल्या होत्या. मास्तरचाही भरवसा नाही!

या बियांबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. पण राग असताना लिहू नये असा माझा आपला एक नियम आहे. राग अजून गेलेला नाही. पण मे महिना संपत आला, जूनमध्ये शाळा उघडेल, आणि मग लिहून काही उपयोग नाही. तेव्हा आज नियम मोडतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

गेल्या जूनची गोष्ट. ही मुलगी तेव्हा नववीत गेली होती. अभ्यासात मध्यम, बोलायला फटकळ. तिचा धाकटा भाऊ त्याच शाळेत, खालच्या प्राथमिक विभागात, दुसरीत. तो नीट जेवतो की नाही हे बघायला ती मधल्या सुट्टीत तिकडे जायची. मुलं पोषण आहाराची खिचडी खातात, नळावर ताटल्या धुतात, आणि ते सगळं पाणी टाकीमागच्या कोपऱ्यात जाऊन साचतं. चिखल, डास आणि आंबूस वास. वर्षानुवर्षं तसंच चाललेलं. मी नोकरीला होतो त्या शाळेतही असाच एक कोपरा होता आणि मी कधी त्याचं काही केलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमचा भाग कमी पावसाचा. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरीला पाणी वाया जाताना दिसलं की टोचतंच. तिनं कुणाकडे अर्ज केला नाही की कुणाची परवानगी काढली नाही. घरून एक खुरपं आणि ढिल्या दांड्याची कुदळ आणली आणि दुसरी-तिसरीतली अकरा पोरं गोळा केली. ताटली आधी साध्या पाण्यात खंगाळायची, ते पाणी बागेला. मग साबण लावायचा, ते पाणी गटारात, असा नियम केला. दगड वेचले. वाफे केले, प्रत्येकाला हातभर. बियाणं म्हणाल तर आईच्या डब्यातली मेथी, धने आणि घरी चिरलेल्या तांबड्या भोपळ्याच्या बिया. एकूण खर्च शून्य रुपये शून्य पैसे.

मेथी चौथ्या दिवशी वर आली. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. अकरा पोरं वाफ्याभोवती उकिडवी बसलेली, "माझी आली", "माझी तुझ्यापेक्षा जास्त आली" असा गलका. धने मात्र येईनात. आठ दिवस झाले, पंधरा झाले. एक पोरगी रडायलाच लागली. झालं होतं असं, की आमच्या ताईसाहेबांनी अख्खे धने पेरले होते. एका धण्यात दोन बिया असतात. ते हलके रगडून, दोन फाका करून पेरले तर चांगले उगवतात, हे तिला नंतर तिच्या आजीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पोरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझं चुकलं होतं. परत पेरू."

वाचकहो, तीस-बत्तीस वर्षं मी वर्गावर उभा राहिलो. "माझं चुकलं होतं" हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारलं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि तरीही बोटं उरतील.

मग भोपळ्याची गंमत. वेल कुंपणावर चढला, पिवळीजर्द फुलं आली आणि दोन दिवसांत गळून पडली. पुन्हा आली, पुन्हा गळली. पोरांनी निकाल दिला, "ताई, ही फुलं खोटी आहेत." तिनं फुलं उलटी करून दाखवली. भोपळ्याला आधी बहुतेक नर फुलंच येतात, लांब देठाची. ती गळायचीच. मादी फूल मागून येतं आणि त्याच्या बुडाशी इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. माशी एकीकडचा पराग दुसरीकडे नेते तेव्हा तो वाढतो, नाहीतर तोही पिवळा पडून गळतो. पोरं त्यानंतर मधल्या सुट्टीत माश्या मोजायला लागली! परागीभवन हा शब्द त्यांना अजून माहीत नाही. पुढे पुस्तकात येईल तेव्हा त्यांना तो पाठ करावा लागणार नाही.

महिनाभरात मेथी उपटली. स्वयंपाकाच्या मावशींनी ती त्या दिवशीच्या खिचडीत घातली. पाल्याची भाजी दिसली की ताटाच्या कडेला सारणारी ही पोरं. त्या दिवशी म्हणे कडेला काही उरलं नाही.

इथपर्यंत सगळं छान. इथून पुढे मोठी माणसं आली.

गणपती उठले आणि पालकांची सभा झाली. एक सद्गृहस्थ उभे राहिले. गणवेश मळतात, नखांत माती जाते, किडा-मुंगी चावली तर जबाबदार कोण? "आम्ही मुलांना शिकायला पाठवतो, खुरपायला नाही." या गृहस्थांचं मला फारसं काही वाटलं नाही. अशी माणसं सगळीकडे असतात. पण त्यांच्यामागून एक बाई उठल्या. रोजंदारीवर दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आमचा जन्म ह्यातच गेला. पोरीच्या हातात पुन्हा खुरपंच द्यायचं असंल तर शाळा कशाला?"

सभा गप्प झाली. आणि बाग बंद झाली. ऑक्टोबरात, सहामाहीच्या तोंडावर, वेल उपटून टाकला. एक भोपळा तेवढा तयार झाला होता, तो मावशींनी चिरला आणि बिया या मुलीला दिल्या. त्याच या ४३.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलोही नसतो. पण डिसेंबरात परसबाग स्पर्धेचं पत्र आलं. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये शाळाशाळांतून पोषणबागा करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांनी स्वतः बाग करावी, त्यातली भाजी त्यांच्याच आहारात यावी, असा त्यांचा सरळ, चांगला हेतू. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण आपल्याकडे हेतू वरून निघतो आणि खाली पोचेपर्यंत त्याचा फोटो होतो. तोच कोपरा साफ झाला. गडी लावून खणून घेतला. रोपवाटिकेतून वांगी, टोमॅटो, कोबीची तयार रोपं आली. विटांची तिरकी किनार, तिला गेरू आणि चुना. प्रत्येक वाफ्याला नावाची पाटी, मोठा फलक, आणि तपासणीच्या दिवशी स्वच्छ गणवेशातली, हात धुतलेली पोरं हातात झारी देऊन उभी केली. झारीत पाणी नव्हतं. हे मला त्यातल्याच एकानं सांगितलं.

या मुलीला मात्र कुणी बोलावलं नाही. "तुझं आता दहावीचं वर्ष येतंय," असं सांगितलं. स्पर्धा झाली, पाणी घालायला कुणी उरलं नाही, मार्चमध्ये कोबी जागेवर वाळला. पाट्या अजून आहेत.

मला राहवेना. मी मुख्याध्यापकांकडे गेलो. मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. चहा मागवला, पाया पडले, सगळं रीतसर झालं. मी तावातावानं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, एक विचारू? राग मानू नका. गृहपाठ केला नाही की तुम्ही आम्हाला मैदानातलं गवत उपटायला लावायचात. आठवतंय?"

आठवलं. घरी आलो तरी आठवतच होतं.

कार्यानुभव नावाचा विषय होता तेव्हा. कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ या काळात देशभर फिरून जो अहवाल दिला त्यात ही कल्पना होती, की प्रत्येक मुलानं काही खरं, उपयोगाचं काम करत शिकावं. आमच्या शाळेत त्या तासाचं काय व्हायचं? एकतर गणिताचा राहिलेला भाग, नाहीतर मैदान सफाई. आणि मैदान सफाईला मी कुणाला पाठवत होतो? आज मागे वळून बघतो तर लाज वाटते. डॉक्टरांच्या मुलानं गृहपाठ केला नाही तर त्याला उत्तर दहा वेळा लिहायला लावायचो. गड्याच्या मुलानं केला नाही तर त्याला गवत उपटायला पाठवायचो. ठरवून नव्हे हो, पण हात आपोआप तिकडेच वळायचा. ज्याचा बाप शाळेत येऊन जाब विचारणार नाही, त्याच्याच हातात खुरपं. मुख्याध्यापक त्या मुलांपैकी एक.

मग सभेतल्या त्या बाई काय चूक बोलल्या? त्यांनी माती हे नशीब म्हणून पाहिलं आहे, आणि आम्ही मास्तरांनी ती शिक्षा म्हणून दाखवली आहे. आता आम्हीच उठून "मुलांनो, मातीत हात घाला, श्रमाला प्रतिष्ठा आहे" असं भाषण दिलं तर कोण ऐकेल?

हे लिहून झाल्यावरही माझं म्हणणं तेच आहे, बाग बंद केली हे चूक. उलट या बाईंसाठीच ती बंद करायला नको होती. का ते सांगतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची त्यांनी यादी दिली. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, आणि त्याच यादीत शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी उभं आयुष्य झिजवणाऱ्या माणसाची ही मागणी आहे. त्यांना काय कुणब्याच्या पोराला कुणबीच ठेवायचं होतं? छे! त्यांनी शेती अक्षरांच्या जागी मागितली नाही, अक्षरांच्या शेजारी मागितली. ज्याच्या हाताला काम येतं त्याच्या डोक्यात विद्या जाऊ नये, आणि ज्याच्या डोक्यात विद्या आहे त्यानं हात मळवू नये, ही आपल्याकडची जुनी वाटणी आहे. ती मोडायची असेल तर दोन्ही गोष्टी एकाच पोराच्या हाती आल्या पाहिजेत.

गांधीजींनी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीम मांडली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला. हस्तोद्योगातून शिक्षण. तिच्यावर तेव्हाच टीका झाली, की मुलांच्या हातच्या मालावर शाळेचा खर्च भागवायचा म्हणजे शाळेचा कारखाना होईल. मला ही टीका रास्त वाटते. मूल काम करतं आहे म्हणून कुणाचे पैसे वाचतात, हा हिशेब एकदा सुरू झाला की काम मुलाचं राहत नाही. पण त्या टीकेचा आधार घेऊन आपण कामच शाळेबाहेर टाकलं, आणि ते बाहेर टाकल्यावर पुन्हा त्याच बायांच्या माथी मारलं. हे काही बरं झालं नाही.

फ्रोबेल नावाचे जर्मन शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. लहान मुलांच्या शाळेला त्यांनी १८४० मध्ये किंडरगार्टन हे नाव दिलं. म्हणजे मुलांची बाग. नुसतं नाव नव्हे, त्यांच्या आराखड्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा एक छोटा वाफा होता आणि शिवाय सगळ्यांची मिळून एक बाग. माझ्या शेजारच्या मुलीनं फ्रोबेल वाचलेला नाही. तरी पहिल्याच दिवशी तिनं हातभर वाफा प्रत्येकाला वाटून दिला आणि भोपळ्याचा वेल सगळ्यांचा ठेवला. आज गावोगाव किंडरगार्टनच्या पाट्या लागल्या आहेत. त्यातल्या किती ठिकाणी बाग आहे ते जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी सिमेंटचे ठोकळे बसवलेले दिसतील.

आता माझा मुद्दा थोडक्यात.

बाग शिक्षा नव्हे, तशी ती स्पर्धाही नव्हे. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. दोन्हींत काय करायचं ते मोठी माणसं ठरवतात आणि मूल फक्त हात पुरवतं. शिक्षेत हात राबवला, स्पर्धेत हात धुऊन फोटोला धरला. टाकीमागच्या त्या चार महिन्यांत ठरवणारं डोकं आणि राबणारा हात एकाच पोराचा होता, म्हणून ते शिक्षण होतं. धने चुकीचे पेरायचा हक्क त्या मुलीला होता. रोपवाटिकेच्या कोबीला तो हक्क नव्हता, म्हणून त्यातून कुणी काही शिकलं नाही.

आणि शिकवणारी होती चौदा वर्षांची, शिकणारी सात-आठ वर्षांची. हे फार मोलाचं आहे. मास्तरला सगळं येतं असं मुलांना वाटतं, म्हणून मास्तरची चूक ती बघत नाहीत. ताईची बघतात, पकडतात, आणि ताई ती दुरुस्त कशी करते तेही बघतात. त्या मुलीचंही तेच. जीवशास्त्राच्या पेपरात फुलाच्या आकृतीला तिला पाचपैकी दोन गुण होते. पण सात वर्षांच्या पोराला पटेल अशा भाषेत तिनं नर आणि मादी फूल समजावलं. त्याचे गुण कुठल्या रकान्यात लिहायचे?

"मग दहावीचं काय?" विचारणारे विचारतीलच. आठवड्याला दोन तासिका. तेवढ्यानं कुणी नापास होत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची सोय सुचवली आहे. पण बागेला दहा दिवस पुरत नाहीत हो. मेथीलाच महिना लागतो आणि भोपळ्याला तीन-साडेतीन महिने. बागेला सलग, थोडा थोडा, रोजचा वेळ हवा. म्हणून तासिका वेळापत्रकात हव्यात, शाळा सुटल्यावर नकोत. शाळा सुटल्यावर ठेवलं की पुन्हा काही मुलं शिकवणीला जातात आणि उरलेली खुरपतात. पुन्हा तीच वाटणी!

बागेत सगळी मुलं हवीत, सभेतल्या त्या गृहस्थांचं मूल सुद्धा. आणि शिक्षकांनीही उकिडवं बसावं. शिक्षक खुर्ची टाकून सावलीत बसले की ती बाग राहत नाही, मुकादमाचं रान होतं. गवत उपटणं ही शिक्षा कुणालाही, कधीही नको. पिकेल ते मुलांच्या ताटात जावं, त्याचा हिशेब कुणाच्या बचतीत धरू नये. आणि औषध फवारणी मुलांच्या हातात देऊ नये, मावा पडला तर खराब पानं खुडावीत, निंबोळीचा अर्क मोठ्यांनी मारावा. एवढं पाळलं तर सभेतल्या बाईंकडे जाऊन सांगायला मला तोंड आहे, की बाई, तुमच्या लेकीच्या हातात खुरपं आहे ते पोटासाठी नाही आणि शिक्षा म्हणूनही नाही. डॉक्टरांच्या लेकीच्या हातातही तेच आहे, आणि दोघींच्या दुसऱ्या हातात पुस्तक आहे.

त्या तरीही नाही म्हणाल्या तर? तर तो त्यांचा अधिकार आहे. पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव माझ्या एका लेखानं पुसला जायचा नाही. पण निदान त्यांना विचारायला तरी जाऊ या. सभेत त्या बोलल्या आणि आम्ही बाग उपटून मोकळे झालो. त्यांच्याशी बोललं कुणीच नाही. मीही नाही.

कालच मी मुख्याध्यापकांना रीतसर लेखी अर्ज दिला आहे. त्यात पहिला परिच्छेद माझ्या माफीचा आहे, त्यांनी आणि त्यांच्या वर्गमित्रांनी उपटलेल्या गवताबद्दल. पन्नाशीच्या माणसाला लहानपणच्या शिक्षेबद्दल माफीचा अर्ज देणं जरा विचित्रच, पण दिला. दुसऱ्या परिच्छेदात टाकीमागची जागा मागितली आहे. पाट्या काढाव्यात, ताटल्यांचं पाणी पुन्हा तिकडे वळवावं, आठवड्याला दोन तासिका द्याव्यात, आणि काय पेरायचं ते पोरांना ठरवू द्यावं. मुलगी दहावीत गेली तरी तिनं तिसरीतून आता चौथीत गेलेल्या दोघांना तयार केलं आहे. यंदाचे 'मोठे' ते. धने कसे रगडायचे ते त्यांना येतं.

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. टेबलावरच्या फायलीत नाही, खिशात. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.

असो. बियांची पुडी माझ्या कपाटात, उंदरांपासून दूर, एका काचेच्या बरणीत आहे. शाळा उघडली की कळेल. काय होतं ते इथेच लिहीन.